चोपडीतला आकडा आणि संगणकाची स्मृती

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन काळातील ब्राह्मी लेख कोरलेला आहे. राणी नागनिकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई आणि नाणी अंकांत नोंदवलेली आहेत. भारतात कोरलेल्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होई, असे परंपरा सांगते. सुमारे दोन हजार पावसाळ्यांनी या लेखातील काही अक्षरे झिजवली, काही पुसून टाकली. परंतु जे अंक आज वाचता येतात, त्यांपैकी एकानेही आपली किंमत बदललेली नाही. दगडातील अंक पुसला जाईल, पण खोटा होणार नाही.

याच परिसरातील ओतूर, नारायणगाव, मंचर वा घोडेगावच्या पेढीवरचा आजचा अंक मात्र निराळ्या स्वभावाचा आहे. तो आता लाल कापडाच्या चोपडीत क्वचितच उतरतो. दिवाळीच्या वहीपूजनात चोपडीशेजारी संगणकालाही कुंकवाचे बोट लागते, कारण किर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे सारे तेथेच असते. काम चालू असताना हा अंक संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, वसतो. रॅममधील प्रत्येक सूक्ष्म कोषात विजेचा अत्यल्प भार साठवलेला असतो. भार असला तर एक, नसला तर शून्य. आय.बी.एम. कंपनीतील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले, आणि आजही तत्त्व तेच आहे. हा भार सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक कोष साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधराहून अधिक वेळा, वाचून पुन्हा भरावा लागतो. आठ जी.बी.च्या एका पट्टीत असे सुमारे ६,८७२ कोटी कोष असतात. इतक्या कोषांनी दिवसभर अचूक राहावे, ही अपेक्षा बहुतेक वेळा पूर्ण होते, हेच खरे आश्चर्य.

एखादा कोष चुकला तर तीन गोष्टी संभवतात. तो कोष त्या वेळी रिकामा असेल तर काहीच घडत नाही. त्यात कार्यप्रणालीची एखादी आज्ञा असेल तर संगणक अचानक थबकतो, निळा पडदा येतो किंवा यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू होते. आणि त्यात हिशेबाचा आकडा असेल, तर संगणक बिनतक्रार चालू राहतो, फक्त आकडा बदललेला असतो. घरोघरी तक्रार होते ती दुसऱ्या प्रकाराची. व्यापाऱ्याने जपायचे असते ते तिसऱ्या प्रकारापासून. वारंवार बंद पडणारा संगणक हा केवळ त्रास नसून हिशेबाविषयीची पूर्वसूचना असू शकते, हे ध्यानात ठेवले की दुरुस्तीचा क्रमच बदलतो.

हा विषय आज अधिक निकडीचा झाला आहे, त्यास दोन कारणे आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित विनामूल्य साथ संपली, त्यामुळे अनेक दुकानांतून जुन्या संगणकात भर घालण्याचे वा नवा जोडून घेण्याचे बेत झाले. त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय संगणककेंद्रांची मागणी वाढल्यामुळे जगभर रॅमचे भाव वेगाने चढले. भाव चढला की जुना माल, सुटी पट्टी, वेगवेगळ्या कंपन्यांची जोडी यांकडे हात जातो. आणि रॅम न जुळण्याचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

भाग निवडून जोडलेला संगणक म्हणजे कमअस्सल, असा मात्र समज नको. नारायणगावजवळ खोडद येथे जी.एम.आर.टी. ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे संकेत तेथे एकत्र येतात. त्या संकेतांचे गणित करण्यासाठी तेथील शास्त्रज्ञांनी बाजारात तयार मिळणाऱ्या संगणकांचाच समूह जोडून एक प्रणाली उभी केली आणि २०१० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. सुटे भाग जोडण्यात दोष नाही. ते परस्परांशी जुळतात की नाही, हे न पाहता जोडण्यात दोष आहे.

एका दुकानाचे उदाहरण

मंचरच्या बाजारपेठेतील एका घाऊक किराणा दुकानाची कल्पना करावी. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या धाकट्या मुलाने तीन वर्षांपूर्वी सुटे भाग आणून संगणक जोडला. आठ जी.बी.ची एक पट्टी होती. काम उत्तम चालले. पुढे संगणक मंद वाटू लागला म्हणून दुसऱ्या कंपनीची आठ जी.बी.ची आणखी एक पट्टी आणून बसवली. दोन दिवस सारे सुरळीत. मग दुपारच्या गर्दीत, बिल छापतानाच, निळा पडदा. दुसऱ्या दिवशी दोनदा. महिन्याची ९ तारीख उजाडली, आणि मागील महिन्याच्या विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जी.एस.टी.आर.-१, भरण्याची मुदत ११ तारखेची.

घरात निदानांची रांग लागली. थोरले म्हणाले, विजेचा दाब कमी-जास्त होतो. मुनीमजींच्या मते हिशेबाची प्रणालीच बिघडली. धाकट्याने विंडोज नव्याने टाकण्याची तयारी केली. शेजारच्या दुकानदाराने व्हायरस ठरवला. आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टान्त ऐकत वाढलेल्या समाजाला येथे काय घडत होते, ते सांगावयास नको. प्रत्येकाच्या म्हणण्यात अंशतः तथ्य असू शकत होते. अनुचित होता तो ‘हेच’ म्हणण्याचा आग्रह. अनेकान्त हा केवळ व्याख्यानाचा विषय नाही. यंत्राच्या दुरुस्तीत त्याचा अर्थ इतकाच की, कारण सिद्ध होईपर्यंत सर्व कारणे विचारार्थ ठेवावीत आणि एकेका कारणाला स्वतंत्रपणे तपासावे.

आधी नोंद, मग पेचकस

दुरुस्तीचे पहिले साधन पेचकस नव्हे, वही. संगणक बंद पडला की तारीख, वेळ, त्या क्षणी चाललेले काम आणि पडद्यावरील संदेश लिहून ठेवावा. मोबाइलने छायाचित्र काढले तरी चालेल. विंडोज ११ मध्ये २०२५ च्या सुधारणेनंतर हा पडदा निळ्याऐवजी काळा दिसतो, परंतु संदेश तेथेही असतो. चार-पाच नोंदी झाल्या की त्या बोलू लागतात.

प्रत्येक वेळी एकच संदेश आणि एकच काम, उदाहरणार्थ प्रिंटर चालू करताच, तर संशय त्या उपकरणाच्या चालक-प्रणालीवर, म्हणजे ड्रायव्हरवर, घ्यावा. संदेश दर वेळी निराळा, कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट’, कधी ‘आय.आर.क्यू.एल.’, आणि कामही निराळे, तर रॅम, प्रोसेसर वा वीजपुरवठा तपासावा. कोणताही संदेश न येता यंत्र एकदम विझले, तर एस.एम.पी.एस., उष्णता किंवा बाहेरची वीज यांकडे पाहावे. केवळ मंदपणा असेल तर बहुधा डिस्क. विंडोजच्या घटनानोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी ओळ दिसली की अनेकजण तत्काळ एस.एम.पी.एस. बदलतात; वस्तुतः त्या ओळीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. ते कशामुळे, हे ती ओळ सांगत नाही.

वीज आणि धूळ यांची तपासणी बिनखर्ची आहे, म्हणून ती आधी करावी. यू.पी.एस.ची बॅटरी थकलेली आहे का, अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्यावे. शेतीचे पंप सुरू होण्याच्या वेळा आणि संगणक बंद पडण्याच्या वेळा वहीत जुळत असतील, तर थोरल्यांचे म्हणणे खरे मानण्यास आधार मिळतो. मिरची, हळद, पीठ यांची धूळ दुकानातील पंख्यात साठते. घाटाकडच्या गावांतून पावसाळी दमटपणाची भर पडते. कॅबिनेट उघडण्यापूर्वी वीज भिंतीवरून बंद करून वायर काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्यावा. आत मुंग्या वा कोळी आढळल्यास फवारा न मारता मऊ कुंचल्याने, जयणेने, त्यांना बाहेर काढावे. फवाऱ्याचे द्रव्य भागांवर बसणेही हितावह नसते.

रॅमचा ताळा

आता रॅम. येथे हिशेबनिसाची पद्धतच कामास येते. तेरीज जुळत नाही तेव्हा कुशल लेखनिक सर्व पाने पुन्हा लिहीत नाही, फरक पाहतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर दोन अंकांची अदलाबदल शोधतो; फरकाच्या निम्मी रक्कम आढळली तर ती चुकीच्या बाजूस मांडली आहे का, हे पाहतो. चुकीचा आकारच चुकीचे कारण सुचवतो.

स्मृतीच्या चुकीलाही असा आकार असतो. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. त्यात एकेका स्थानाची किंमत १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढते. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील स्काअरबेक येथे यंत्रावर मतदान झाले. एका उमेदवाराला मिळालेली मते गणिताने अशक्य होती, म्हणून फेरमोजणी झाली. जादा मते निघाली नेमकी ४,०९६. हा आकडा म्हणजे दोनाचा बारा वेळा केलेला गुणाकार. म्हणजे स्मृतीतील एकच स्थान शून्यावरून एकावर गेले होते. प्रणालीत दोष सापडला नाही, आणि स्मृतीतील एक बिंदू आपोआप उलटला, हेच स्पष्टीकरण पुढे आले. बाह्य अवकाशातून येणारे किरण असे घडवू शकतात, म्हणून त्या घटनेचा उल्लेख त्या संदर्भात नेहमी होतो. ती चूक सापडली, कारण आकडा अशक्य होता. शक्य कोटीतील असता तर कोणी पाहिलेही नसते. हिशेबाच्या प्रणालीत आकडा निरनिराळ्या प्रकारे साठवला जात असल्यामुळे फरक नेहमीच इतका स्वच्छ दिसेल असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

परंतु प्रत्येक दोष अवकाशावर ढकलण्याचे कारण नाही. टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी हजारो संगणकांच्या रॅमचा अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष मांडले. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत किमान एक तरी चूक नोंदवली गेली होती. महत्त्वाचे हे की, बहुसंख्य चुका क्षणिक योगायोगाच्या नसून त्याच त्या सदोष जागांच्या असाव्यात, असे त्यांना आढळले. सदोष पट्टी पुन्हा पुन्हा चुकते. आणि जे पुन्हा चुकते, ते पकडता येते.

पकडण्याची रीत अशी. प्रथम बायोसमध्ये जाऊन रॅमची सर्व मांडणी मूळ स्थितीवर आणावी. अनेक पट्ट्यांवर छापलेला मोठा वेग हा एक्स.एम.पी. नावाची जादा व्यवस्था चालू केल्यावर मिळणारा असतो. मूळ स्थितीत पट्टी बहुधा कमी वेगाने चालते. हा एक बदल केल्याने बंद पडणे थांबले, तर निम्मे उत्तर हाती आले. मग पट्ट्या काढून सोनेरी कडा स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंची कुलपे टकटक वाजेपर्यंत पुन्हा बसवाव्यात. नीट न बसलेली पट्टी हेही एक साधे पण वारंवार आढळणारे कारण आहे.

त्यानंतर चाचणी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहेच. तथापि पेन ड्राइव्हवरून चालणारी ‘मेमटेस्ट ८६’ ही चाचणी अधिक कसून पाहते. ती रात्री लावून किमान चार फेऱ्या होऊ द्याव्यात. येथे पास-नापासाचा एकच नियम आहे: एकही चूक निघाली तर नापास. शंभरातल्या नव्याण्णव रकमा बरोबर असलेल्या तेरजेला जसे कोणी जुळलेली म्हणत नाही, तसेच हे.

दोन पट्ट्या असतील तर प्रत्येकीची स्वतंत्र चाचणी एकाच स्लॉटमध्ये घ्यावी. चूक पट्टीबरोबर सरकली तर दोष पट्टीचा. पट्टी बदलूनही त्याच स्लॉटमध्ये चूक राहिली तर मदरबोर्ड वा प्रोसेसरकडे पाहावे. दोन्ही पट्ट्या एकेकट्या निर्दोष ठरल्या आणि एकत्र येताच चुकल्या, तर दोष कोणाचाच नाही. त्यांचे जुळत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा निकाल वहीत लिहावा. तीन बदल एकदम केल्यास संगणक कदाचित सुधारेल, पण कशामुळे सुधारला हे कधीच कळणार नाही, आणि चांगला भाग भंगारात जाईल. अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या घरात विनाकारण नवी वस्तू येणे आणि चांगली वस्तू टाकून देणे, दोन्ही टाळलेले बरे.

मंचरच्या त्या कल्पित दुकानात हेच घडले. ९ तारखेच्या रात्री जुनी पट्टी एकटी उत्तीर्ण झाली, नवी पट्टीही उत्तीर्ण झाली. दोन्ही एकत्र, छापील वेगावर, लावताच तासाभरात लाल ओळी उमटल्या. वेग मूळ प्रमाणावर आणल्यावर मात्र एकही चूक निघाली नाही. विंडोज नव्याने टाकण्याची गरज नव्हती, व्हायरस नव्हता, हिशेबाची प्रणाली निर्दोष होती.

जुळणे म्हणजे काय

रॅम जुळणे याचे तीन स्तर आहेत. पहिला पिढीचा. डी.डी.आर. ३, ४ आणि ५ या पिढ्यांच्या पट्ट्यांतील खाच निरनिराळ्या जागी असते आणि विजेचा दाबही निराळा, अनुक्रमे साधारण १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट. पट्टी सहज बसत नसेल तर ती जोर लावण्याची जागा नव्हे. ती चुकीची पट्टी आहे.

दुसरा प्रकाराचा. सर्व्हरमधून उतरवलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्त दिसतात. डी.डी.आर. ४ मधील अशी पट्टी घरगुती मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसतेही, पण संगणक सुरू होत नाही. स्वस्ताई येथे महाग पडते.

तिसरा स्तर जोडीचा, आणि तोच सर्वांत फसवा. आकार, पिढी, क्षमता सारे समान असूनही आतील चिप आणि वेळेची गणिते निराळी असू शकतात. म्हणून दोन पट्ट्या हव्या असतील तर एकाच खोक्यातील जोडी घ्यावी. मदरबोर्डची कंपनी आपल्या संकेतस्थळावर तपासलेल्या पट्ट्यांची यादी देते. खरेदीपूर्वी ती पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. पुस्तिका पाहून खात्री करावी. चारही स्लॉट भरल्यास वेग कमी ठेवावा लागणे, विशेषतः डी.डी.आर. ५ मध्ये, स्वाभाविक आहे. त्याच पिढीत पट्टी बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा राहतो. यंत्र त्या वेळी पट्टीशी जुळवून घेत असते. घाबरून वीज बंद करू नये. बायोसची नवी आवृत्ती टाकल्याने न जुळणारी पट्टी जुळल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, मात्र ते काम यू.पी.एस.वरच करावे, कारण मध्येच वीज गेल्यास बोर्डच निकामी होऊ शकतो.

यंत्र बरे झाले, हिशेबाचे काय?

बहुतेक ठिकाणी कथा येथे संपते. संगणक चालू झाला, सर्वांनी निःश्वास टाकला. परंतु त्या दुकानात विवरणपत्रांचे काम पाहणाऱ्या थोरल्या सूनबाईंनी विचारले, “पप्पा, नवी पट्टी कोणत्या तारखेला बसवली होती?” बिल शोधले, तारीख ३ होती. “मग ३ पासून ९ पर्यंत जे लिहिले गेले, ते सारे आजारी यंत्राने लिहिले आहे.”

हा प्रश्नच या विषयाचा गाभा आहे. रॅमच्या बिलावरील तारीख केवळ हमीसाठी जपायची नसते. संशयाची सीमा तेथून सुरू होते. त्या सात दिवसांत नवी बिले तर लिहिली गेलीच, शिवाय जुन्या नोंदी उघडल्या गेल्या, पुन्हा साठवल्या गेल्या, आणि रोजच्या रोज त्यांच्या प्रतीही काढल्या गेल्या. सदोष स्मृतीतून काढलेली प्रत ही सदोष असू शकते. ८ तारखेची प्रत उघडून पाहिली तेव्हा ती उघडलीच नाही. २ तारखेच्या संध्याकाळची प्रत मात्र वेगळ्या पेन ड्राइव्हवर होती, आणि ती पूर्ण उघडली. मागील महिन्याच्या विक्रीची बेरीज त्या संध्याकाळी छापून ठेवलेली होती. तिच्याशी ताळा जुळला. मग ३ ते ९ ची बिले कागदावरून पुन्हा भरण्यात आली. मुनीमजी वाचीत होते, सूनबाई लिहीत होत्या. बँकेच्या उताऱ्याशी जमा-खर्च, पुरवठादारांच्या बिलांशी खरेदी आणि गोदामातील मालाशी शिल्लक पडताळली गेली. ११ तारखेस विवरणपत्र वेळेत गेले, आणि खात्रीने गेले.

यातून तीन नियम निघतात. पहिला: रॅमची खात्री पटेपर्यंत त्या संगणकावर हिशेबाची फाइल उघडू नये, ‘रिपेअर’ वा ‘री-इंडेक्स’ करू नये, विंडोजही पुन्हा टाकू नये, थरथरत्या हाताने खाडाखोड केल्यास चोपडी अधिकच बिघडते. प्रत काढणे अपरिहार्य असेल तर डिस्क दुसऱ्या, निरोगी संगणकाला जोडून काढावी.

दुसरा: नवी प्रत जुन्या प्रतीवर कधीही लिहू नये. संगणकशास्त्रात प्रती ठेवण्याच्या एका रीतीला ‘आजोबा, वडील, मुलगा’ असेच नाव आहे. रोजची प्रत मुलगा, आठवड्याची वडील, महिन्याची आजोबा. मुलाच्या प्रतीत दोष शिरला तर वडिलांकडे जावे, तेथेही शिरला असेल तर आजोबांकडे. तिन्ही पिढ्या एका छताखाली नांदणे संसारात भाग्याचे असले, तरी प्रतींच्या बाबतीत एक पिढी दुकानाबाहेर, घरी वा अन्य सुरक्षित जागी ठेवावी. आणि महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते.

तिसरा: कागद लगेच फाडू नये. जी.एस.टी. कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्याच्या नियमावलीतील नियम ५७ नुसार संगणकीय नोंदींची योग्य प्रत ठेवणे आणि त्या नष्ट झाल्यास वाजवी वेळेत परत उभ्या करता येणे अपेक्षित आहे. कायदा जे आता सांगतो, ते जुन्या पेढ्यांत रिवाज म्हणूनच पाळले जाई: किर्द एकीकडे, खतावणी दुसरीकडे, आणि रोज रात्री रोकड मोजून ताळा.

या साऱ्यास लागणारा खर्च म्हणजे एक वही, दोन-तीन पेन ड्राइव्ह आणि एक रात्र. संध्याकाळी प्रतिक्रमणात दिवसाच्या दोषांचे स्मरण करणाऱ्या घराला ही शिस्त परकी नाही. दोष होणारच नाहीत असे तेथेही कोणी मानीत नाही, ते त्याच दिवशी पाहिले जावेत एवढेच पाहिले जाते. संगणकाची स्मृती क्षणाक्षणाला विसरते आणि क्षणाक्षणाला तिला आठवण करून द्यावी लागते. पेढीचा शब्द मात्र तिच्या भरवशावर नसतो. गिऱ्हाईक बिलाची बेरीज पुन्हा करून पाहात नाही, ते या विश्वासावर की ती दुकानात कोणीतरी पाहिलेली आहे.